डाव्या बाजूचा खोकला

बाबांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, बाकी कुठे नव्हतं. आरोंद्यापासून शिरोड्यापर्यंत सगळे त्यांना दाजी ड्रायव्हर म्हणत. आई दाजी ड्रायव्हरची बायको, आणि मी, सुलोचना असं चांगलं भारदस्त नाव ठेवलेलं असूनही, दाजीचं चेडू, म्हणजे दाजीची मुलगी. आमच्याकडे एक लांब जीप होती, पाठीमागे समोरासमोर दोन बाकं असलेली. घरात तिला कोणी जीप म्हणत नसे, गाडी म्हणायचं. सकाळचा पहिला आवाज तिचाच. बाबा उठून तोंडही न धुता बॉनेटची कडी खटकन काढायचे, तांब्याने रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे आणि स्टार्टर मारायचे. पहिल्या दोन वेळा ती नुसती कण्हायची आणि तिसऱ्यांदा सगळं घर हलवून सुरू व्हायची. गोठ्यातली म्हैस त्या आवाजाशिवाय पान्हा सोडत नाही असं आई म्हणायची. म्हैस विकल्यावरही आई तेच म्हणत राहिली, त्यामुळे त्यात खरं किती होतं कोण जाणे.

गाडी गरम होईपर्यंत बाबा अंगणात उभ्याने पेज प्यायचे. उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला खारातली मिरची नाहीतर चुलीत भाजलेला सुका बांगडा. ताटली हातात, डोळे गाडीवर. "बसान तरी खावा," आई रोज म्हणायची. "बसानच आयुष्य चल्लाहा माझा," बाबा रोज म्हणायचे. दोघांनाही या बोलण्याचा कधी कंटाळा आला नाही. मी ओसरीवर वेणी घालत ते ऐकायची आणि मनात म्हणायची, यांना दुसरं काही सुचत नाही का. आज ते दोघंही नाहीत आणि मी सकाळी टेबलाशी बसून चहा पिते तेव्हा समोरून कोणी काही म्हणत नाही.

आमच्या वाडीत तेव्हा दुसरी गाडी नव्हती. बाळंतीण असो, साप चावलेला असो, मुंबईहून आलेला चाकरमानी असो, बोलावणं आमच्याकडे. शिवाय या पट्ट्यातले निम्मेअधिक ड्रायव्हर बाबांच्या हाताखालून गेलेले. त्यांचे काही नियम होते. उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची, डिझेल वाचतं. उजवं कोपर दारावर ठेवायचं, ड्रायव्हर अवघडत नाही. रस्त्यात कोणी हात दाखवला तर थांबायचं, जागा असो नसो. आणि गावाची राखण करणाऱ्या राखणदाराची घुमटी आली की हॉर्न वाजवून दोन्ही हात जोडायचे. एका हाताचा नमस्कार त्याला चालत नाही. "मगे स्टेरिंग कोण धरता?" असं मी लहानपणी विचारलं होतं. "तोच धरता," बाबा म्हणाले, आणि त्यांनी ते इतकं सरळ सांगितलं की मी बरीच वर्षं ते खरं मानून होते.

मी बारावी झाले आणि शिरोड्याला शिवणक्लासला जाऊ लागले, तेव्हा बाबांचं रोजचं मुख्य काम शाळेच्या पोरांना नेण्याचं होतं. वाडीतली आणि वाटेवरची मिळून आठ पोरं पाठीमागच्या बाकांवर बसायची, चार एकीकडे, चार दुसरीकडे, दप्तरं मध्ये. मी पुढे बाबांच्या डावीकडे. पोरं पाढे म्हणत, भांडत, एकमेकांच्या डब्यातलं खात. कोणी फार दंगा केला तर बाबा नुसते आरशात बघत आणि पुढे मिनिटभर शांतता असे. त्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, सुमाराला गाडीचा डावा मडगार्ड लाल दिसायला लागला. आमच्याकडचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, जांभ्या दगडाचे, त्याला घासलं की तो लाल रंग पत्र्याला बसतो. "वळणार जागा नाय आसा," बाबा म्हणाले. वळण तीस वर्षं तिथेच होतं. आईने रॉकेलचा बोळा घेतला आणि मडगार्ड पुसला. चार दिवसांनी तो परत लाल झाला, आणि आईने परत पुसला.

घरातही तेच. ताटाच्या डावीकडे ठेवलेला पाण्याचा तांब्या हटकून कलंडायचा. डावीकडून हाक न मारता गेलं तर बाबा दचकायचे. पण समोरचं विचाराल तर एसटीची पाटी ते मैलावरून वाचायचे, माझ्या आधी. त्यामुळे बाबांना दिसत नाही असं म्हणायची सोयच नव्हती. दिसत होतं. समोरचं सगळं दिसत होतं, फक्त डाव्या डोळ्याच्या बाजूचं जग हळूहळू बंद होत चाललं होतं. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांपैकी एकानेही तोंडातून काढलं नाही. ड्रायव्हरच्या घरात काही शब्द उच्चारत नाहीत. एकदा तो शब्द बाहेर गेला की वाडीतून शिरोड्याला पोचायला त्याला गाडी लागत नाही.

खोकला कसा सुरू झाला तेही सांगते, कारण तो मुद्दाम सुरू केलेला नव्हता. चवथीनंतरची सकाळ. डावीकडच्या बांधावरून एक पाडी, गाईचं वासरू, उडी मारून रस्त्यावर येते आहे हे मी पाहिलं, बाबांनी नाही. ओरडायला तोंड उघडलं आणि पाठीमागे आठ पोरं बसली आहेत हे आठवून ओरडणं गिळलं, ते घशात अडकलं आणि मला मोठ्याने खोकला आला. बाबांनी ब्रेक मारला. पाडी गेली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी डावीकडे सायकल आली तेव्हा मी खोकले आणि गाडी आपोआप उजवीकडे सरली. एवढंच. त्यावर आमच्यात अक्षर बोलणं झालं नाही, पण आठवड्याभरात ती भाषा पक्की झाली. एक खोकला म्हणजे डावीकडे कोणीतरी आहे. दोन म्हणजे थांबा.

त्या खोकल्याची पुढे फार मजा झाली, म्हणजे आता मजा म्हणवते. पोरं माझी नक्कल करायला लागली. शिवणक्लासच्या बाईंनी मला खिडकीपाशी बसवलं, आपल्याला लागू नये म्हणून. आणि आई रोज सकाळी अडुळशाचा काढा करून द्यायला लागली. घरात मी एकदाही खोकत नसे, हे तिला दिसत होतं. तरी काढा द्यायची, आणि मी तो कडूजार काढा नाक दाबून प्यायची. वाटी परत घेताना ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला वाटायचं ती विचारेल. तिला वाटत असेल मी सांगेन.

शाळेने गाड्यांच्या ड्रायव्हरांची लायसन्स बघायला मागितली तेव्हा हे सगळं उघडं पडण्याची वेळ आली. बाबांनी लोखंडी पेटीच्या तळातून लायसन्स काढलं. त्याची मुदत सहा वर्षांपूर्वीच संपली होती, ते कोणी बघितलंच नव्हतं, बाबांनी तर नाहीच. इतक्या वर्षांनी नुसतं नूतनीकरण होत नाही, परत पहिल्यापासून, आधी शिकाऊ लायसन्स आणि मग प्रत्यक्ष गाडी चालवून परीक्षा, असं कळलं. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला लाल रंगाचा एल मिळाला. बाबांनी तो गाडीला लावला नाही, बाकाखाली घातला. फॉर्म भरायला पास्कूमास्तर घरी आले. वेंगुर्ल्याच्या ड्रायव्हिंग स्कूलचे ते मालक, बाबांचे जुने दोस्त, कायम ओठांत विझलेली विडी. ते फॉर्म भरत असताना आई चुलीपासून उठून दारात आली आणि म्हणाली, "दोन फॉर्म भरा. एक सुलूच्या नावान."

"चेडवाक कित्याक गो?" बाबा हसले.

"भरा मा," आई म्हणाली आणि परत चुलीकडे गेली. कारण तिने सांगितलं नाही. बाबांनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि त्यांचं हसू जरा उशिरा पुसलं गेलं.

पास्कूमास्तरांनी मला महिनाभर त्यांच्या जुन्या फियाटवर शिकवलं. ते शिकवताना परीक्षेपेक्षा परीक्षकाबद्दल जास्त बोलत. साहेबांच्या हातात एक कागद असतो, त्यावर रकाने असतात. गाडी सुरू करणं, क्लच, गियर, आरसा, हाताचे इशारे, वळण, थांबणं, रिव्हर्स, चढावर उभी करून उचलणं. चूक झाली की रकान्यात फुली. "बारीक फुल्ये पाच-सा जाले तरी सायब सोडता," मास्तर म्हणायचे. "गाडी बंद पडली, एक फुली. आरशात बगूक इसारलंस, एक फुली. पण चढार गाडी पाठी गेली, नाय तर सायबाक सोताक ब्रेक मारूचो लागलो, मगे फुल्ये मोजूची गरज नाय. थय संपला." ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला डावीकडेही एक ब्रेक असतो, साहेबाच्या पायाशी. नापास होणारे दोन जातीचे असतात, असं मास्तरांचं मत होतं. एक, ज्यांना काहीच येत नाही आणि घाबरतात. दुसरे, ज्यांना सगळं येतं आणि त्यामुळे बघत नाहीत. "दुसरेच जास्ती," ते म्हणायचे आणि विडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचे.

परवा माझी नात पुण्यात नापास झाली. आता म्हणे साहेब गाडीत बसतच नाही, सगळा रस्ता तारांनी भरलेला, चाक पट्टीला लागलं की मशीन गुण कापतं. ती फोनवर रडत होती. मी म्हटलं, परत जा, त्यात काय. मशीनपुढे नापास होणं मला फार सोपं वाटतं.

स्टेरिंगवर बसल्यावर एक गोष्ट मला कळली, जी इतके महिने बाबांच्या शेजारी बसून कळली नव्हती. चालणारी माणसं सगळी डावीकडे असतात. कोयती घेतलेली, पोर कडेवर घेतलेली, छत्री टेकत चाललेली, शाळेतून येणारी. मी बाबांच्या शेजारी बसून त्यातल्या दहांतल्या एकालाच खोकत होते. बाकीचे नऊजण आपापल्या नशिबाने वाचत होते. हे कळल्यावर मला चार दिवस जेवण गेलं नाही. तरीही मी ठरवलं होतं की परीक्षेला खोकायचं. मास्तरांनी सांगितलंच होतं की चार उमेदवार एकाच गाडीत बसतात, एक चालवतो आणि तिघं पाठीमागे. मी पाठीमागे असणार होते. एवढी एक परीक्षा निघाली की बाबांना डॉक्टरकडे न्यायचं, आईला सांगायचं, सगळं नीट करायचं. माणूस नेहमी "एवढं एक" म्हणतो.

परीक्षेचा साहेब महिन्यातून एकदा वेंगुर्ल्याला यायचा, त्याला कॅम्प म्हणत. आम्ही आमच्या जीपने गेलो, बाबाच चालवत होते, मी वाटेत खोकत होते. आईने घावणे बांधून दिले होते, ते कोणी खाल्ले नाहीत. मैदानात बांबूच्या काठ्या रोवून आठाचा आकडा आखलेला, एका बाजूला रिव्हर्सची गल्ली. साहेब घाटावरचे, नीटनेटके, बोलायला मऊ. त्यांनी बाबांना लांबच्या गाडीचा नंबर वाचायला लावला. बाबांनी तो वाचला आणि त्याच्या पलीकडच्या गाडीचाही वाचला. साहेब हसले. "डोळे तरुण आहेत तुमचे," ते म्हणाले. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते.

परीक्षा मास्तरांच्या फियाटवर, आणि माझा नंबर पहिला. मी कशी चालवली ते मला आठवत नाही, फक्त चढावर गाडी पाठी गेली नाही एवढं आठवतं. बाबांनी शिकवलेलं एकही न करता मी गाडी चालवली. उतारावर गियर काढला नाही, कोपर आत ठेवलं, हात जोडले नाहीत. "छान. पास," साहेब म्हणाले. पाठीमागून बाबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "दाजीचा चेडू मा," ते शेजारच्या उमेदवाराला म्हणाले. मग आम्ही जागा बदलल्या.

बाबांचा रिव्हर्स बघायला मैदानातले लोक थांबले होते. एका दमात, एकाही काठीला न शिवता, अर्धं वळून उजव्या खांद्यावरून बघत त्यांनी गाडी गल्लीत अशी घातली की साहेबांनी नुसती मान हलवली. आठ काढताना तर गाडी त्यांच्या हाताखाली मऊ झाली होती. मग रस्त्याला लागलो. पहिल्याच उतारावर त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली. साहेबांनी फुली मारली. कोपर दारावर गेलं, फुली. कोपऱ्यावर एका बाईने मासळीची पाटी डोक्यावर सावरत हात दाखवला आणि बाबांनी सवयीने गाडी उभी केली. "खंय जावचा?" असं त्यांनी खिडकीतून विचारलंसुद्धा. साहेब खो खो हसले. "दाजी, ही एसटी नाही," ते म्हणाले आणि हसत हसत फुली मारली. पुढे राखणदाराची घुमटी आली. हॉर्न वाजला आणि दोन्ही हात स्टेरिंगवरून उठले. साहेबांनी फुली मारली, पण त्यांनीही पेन धरलेला हात कपाळाला लावला. मी फुल्या मोजत होते. चार. साहेबांना बाबा आवडले होते, हे मला पाठीमागून कळत होतं. डावीकडे एक सायकल उभी होती तेव्हा मी खोकले, गाडी सरली, आणि साहेब मागे वळून म्हणाले, "ताई, बरं नाही का? काच खाली करा." मी काच खाली केली. आता एकच वळण आणि मग परत मैदान.

वळणाच्या पुढे डाव्या कडेने एक बाई चालली होती. डोक्यावर वाळलेल्या चुडतांचा भारा, माडाच्या झावळ्यांचा, इतका लांब की त्याची टोकं रस्त्यावर आली होती. तिची पाठ आमच्याकडे. भाऱ्यामुळे तिला मागचं काही ऐकू येत नसावं. मी तिला बरीच आधी पाहिली. खूप वेळ होता. खोकला घशापर्यंत आला आणि मी तो गिळला.

का गिळला ते मी इतक्या वर्षांत स्वतःला बऱ्याच प्रकारे सांगून बघितलं आहे. पाठीमागच्या बाकांवरची आठ पोरं डोळ्यांपुढे आली, हे खरं. साहेबाच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे, हे मला ठाऊक होतं, हेही खरं. आणि मी पास झाले होते, गाडी आता मला चालवता येणार होती, हे त्या क्षणी माझ्या मनात अजिबात नव्हतं असं मी देवापुढे शपथ घेऊन सांगू शकत नाही. त्या बाईला मात्र कोणी विचारलं नव्हतं. तिच्या जिवावर मी माझा निकाल लावून घेतला.

साहेबांनी ब्रेक मारला. गाडी थरथरून थांबली आणि चुडतांची टोकं बॉनेटवरून खरखरत गेली. बाई भाऱ्यासकट गर्रकन वळली. तिला काही लागलं नव्हतं. तिने बाबांकडे बघितलं आणि आमच्या भागात रस्त्यावर चुकलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला देतात तीच शिवी दिली. "डोळे फुटले काय रे तुजे?"

बाबा दोन्ही हात स्टेरिंगवर ठेवून समोर बघत होते. साहेबांनी फुली मारली नाही. त्यांनी पेन बाबांच्या डाव्या कानाजवळ धरलं आणि हळूहळू पुढे आणत विचारलं, "दाजी, पेन कुठे आहे सांगा." बाबा म्हणाले, "खंयचा पेन?" पेन नाकासमोर आल्यावर म्हणाले, "हां. ह्या." साहेबांनी ते खिशात ठेवलं. "गाडी तुम्ही उत्तम चालवता," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगली चालवता. पण आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. जाल ना?" बाबांनी दार उघडलं, उतरले, आणि वळसा घालून पाठीमागे आले, कारण पुढच्या उमेदवाराला जागा हवी होती. येताना डाव्या मडगार्डवर त्यांचा गुडघा आपटला.

डॉक्टरने काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. बाबा त्यानंतर अकरा वर्षं होते आणि रोज दोन वेळा निमूट डोळ्यांत थेंब घालून घ्यायचे. पुढच्या आठवड्यापासून शाळेची पोरं मी न्यायला लागले. पहिल्या दिवशी दोन घरांनी पोरं पाठवली नाहीत, बाईमाणूस गाडी चालवणार म्हणून, मग हळूहळू तीही आली. बाबा डावीकडे बसायचे. पोरं कोड्यात पडली होती. "ताये, तुजो खोकलो खंय गेलो?" असं एकाने विचारलं, आणि बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आईने काढा करणं बंद केलं. शाळेची पोरं मी पुढे बावीस वर्षं नेली आणि लोकांनी माझं कौतुक केलं, आणि मी ते करू दिलं.

पण कॅम्पहून परत येतानाचं सांगायचं मी टाळते आहे, आणि ते टाळलं तर या सगळ्या लिहिण्याला अर्थ नाही. मैदानाबाहेर बाबांनी काही न बोलता गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि डाव्या बाजूला जाऊन बसले. त्या सीटवर ते आयुष्यात पहिल्यांदा बसत असावेत. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. मोचेमाड गाव येईपर्यंत ते पाय पुढे-मागे करत राहिले. मी मनात तयारी करत होते. खोकलंस का नाही असं ते विचारतील, मग मी काय सांगायचं, रडायचं की खरं सांगायचं. उतार लागला. मी गाडी गियरमध्येच ठेवली. ते त्यांनी ऐकलं असणार.

"ती भाऱ्यावाली बाय तुका दिसली होती," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"होय."

"बरा केलंस." थोडं थांबून म्हणाले, "माका दिसणा नाय ह्या तुका कदीपासून म्हायत आसा?"

"चवथीपासून."

मला वाटलं आता संपलं. मला रडू यायला लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटायला लागलं होतं. बाबांनी हातातल्या रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"माका दिसत नव्हता, सुलू. तुका दिसत होता," ते म्हणाले. "मी माझ्या मनाक फसवी होतंय. ड्रायवर आसंय, दुसरा काय करतलंय. तू पोरांक पाठी बसवन माझ्या बाजूक बसलंस."

"मी खोकत होतंय मा, बाबा. रोज खोकत होतंय."

"खोकत होतंस." त्यांनी मान हलवली. रागाचा मागमूस नव्हता त्यांच्या आवाजात, राग असता तर बरं झालं असतं. "दिवाळयेच्या आदी चार दिस तू तापान निजलंस. त्या चार दिसांनी पोरांक कोणी न्हेला?"

मी गियर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"मीच न्हेलंय. आठय जणांक. तू घरात होतंस. गाडी भायर पडली ती तू आयकलंस." ते समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते, तेवढंच त्यांना दिसत होतं. "तेवा तुका झोप लागली?"

बाबांनी परत विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढच्या अकरा वर्षांत कधीच नाही.

लागली होती.